गोळ्या नाशिकच्या, दवाखाना मनमाडचा

समजा, मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामात पोती वाहणारे पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. दहा वर्षांपूर्वी त्यांना उन्मादाचा मोठा झटका आला. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग नाशिक गाठलं. मानसोपचारतज्ज्ञांनी बायपोलर आजाराचं निदान करून लिथियम सुरू केलं आणि माणूस पुन्हा कामाला लागला. यंदा मे महिन्यात त्यांची कंबर धरली. गल्लीतल्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दिल्या. त्याच आठवड्यात रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी टेलमिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी लिहून दिली. बाहेर चाळिशीपार ऊन, पाठीवर पन्नास किलोचं पोतं आणि घरात जपून वापरायचं पाणी. आठ-दहा दिवसांत हात थरथरू लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, चाल अडखळली, जीभ जड झाली. शेजारी म्हणाले, पिऊन आला असेल. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

खरं तर त्यांच्या रक्तात लिथियम साचत होतं.

हे गृहस्थ कल्पित आहेत, पण या साखळीतली एकही कडी कल्पित नाही. लिथियम हे मानसोपचारातल्या जुन्या आणि आजही सर्वांत भरवशाच्या औषधांपैकी एक आहे. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली त्याचा उन्मादावरचा गुण जगापुढे मांडला, तेव्हापासून त्याने असंख्य संसार सावरले. मात्र औषध म्हणून उपयोगी पडणारं प्रमाण आणि विष ठरणारं प्रमाण यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर एवढी राखावी लागते. ती दीडच्या पुढे गेली की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. लिथियम शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडांतून. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंडं सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं हेच करतात. थायझाइड गटातलं लघवी वाढवणारं औषध हेच करतं. टेलमिसार्टनच्या गटातली रक्तदाबाची औषधंही त्यात भर घालतात. वरच्या गोष्टीत हे सगळं एकाच माणसाच्या अंगात एकाच आठवड्यात जमलं.

आता यात चूक कुणाची? कंबरदुखीला वेदनाशामक देणं बरोबर. रक्तदाबाला ती गोळी देणं बरोबर. बायपोलर आजाराला लिथियम देणं तर फारच बरोबर. तिन्ही चिठ्ठ्या एकेकट्या पाहिल्या तर कोणत्याही परीक्षेत उत्तीर्ण होतील. अपघात झाला तो चिठ्ठ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. तिन्ही डॉक्टरांपैकी कुणीही दुसऱ्याशी बोललं नव्हतं, आणि त्यांच्यामध्ये निरोप्या होता तो आजारी माणूस स्वतः. त्याला औषधाचं नाव विचारलं तर तो 'नाशिकच्या डॉक्टरची, डोक्याची, पांढरी गोळी' यापलीकडे काय सांगणार? बहुतेक वेळा तो तेवढंही सांगत नाही.

सांगत नाही, याला कारण आहे. मनमाडचा माणूस मानसोपचारासाठी नाशिकला जातो तो केवळ तिथे तज्ज्ञ आहेत म्हणून जात नाही. तिथे त्याला कुणी ओळखत नाही, म्हणूनही जातो. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस धरायची, नाशिकरोडला उतरायचं, रिक्षाने दवाखाना गाठायचा, गोळ्यांची पिशवी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. शेजाऱ्यांना सांगायचं, पाहुण्यांकडे गेलो होतो. १९७५ पासून ही गाडी मनमाडच्या नोकरदारांना मुंबईला नेते-आणते आहे; तिच्या डब्यात अशी न बोलता सोसलेली कितीतरी दुखणीही प्रवास करत असतील.

रेल्वेच्या या गावात त्या मौनाला आणखी एक पदर आहे. गाडी चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला 'ए-वन' ही सर्वांत कडक वैद्यकीय श्रेणी राखावी लागते. आपल्याला नैराश्यावर औषध चालू आहे हे रेल्वेच्या डॉक्टरांना कळलं तर 'मेडिकल डिकॅट' होईल, इंजिन सुटेल, भत्ता जाईल, ही भीती अशा घरांत साहजिक असते. म्हणून रेल्वेच्या फाईलवर रक्तदाब आणि साखर एवढंच राहतं आणि झोप आणणारी गोळी खासगी डॉक्टरांकडून, घरच्या डब्यात. ही लपवाछपवी त्या माणसाला धोक्याची आहेच, गाडीतल्या प्रवाशांनाही आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात एक तरतूद आहे: सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही की त्याचं पद उतरवता येत नाही, त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. आजार वाढून तशी वेळ आलीच, तर काय संरक्षण आहे हे रेल्वेच्या दवाखान्यातच शांतपणे समजावून सांगणारं कुणी असेल, तर निम्म्या गोळ्या डब्यातून फाईलवर येतील.

तज्ज्ञ किती आहेत, हेही पाहायला हवं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, तरी आकडे आपल्यालाही लागू पडावेत असे आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. नैराश्य, चिंता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारांत दर शंभरातले जवळजवळ ८५ जण उपचारांविना होते. २०११च्या जनगणनेत मनमाडची वस्ती सुमारे ८० हजार होती. प्रौढ पन्नास हजार धरले तरी मोघम हिशेबाने पाच हजार माणसं होतात. आणि देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ आहेत ०.७५, म्हणजे एक माणूसही पुरता नाही असा हिशेब. तेही बहुतेक मोठ्या शहरांत. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. त्यांतलं एकही उत्तर महाराष्ट्रात नाही. येरवड्याहून सुटी मिळालेला रुग्ण दौंडमार्गे मनमाडला उतरतो तेव्हा त्याच्या हातात असतं ते इंग्रजीतलं डिस्चार्ज कार्ड. सुटीनंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे असतात, हे मानसोपचारात पक्कं ठाऊक आहे. नेमक्या त्याच आठवड्यांत रुग्ण एका डॉक्टरांच्या हातून सुटलेला असतो आणि दुसऱ्यांच्या हाती पोचलेला नसतो.

तेव्हा हे पाच हजार लोक जातात कुठे? गल्लीतल्या दवाखान्यात. एमबीबीएस असोत, बीएएमएस असोत की बीएचएमएस. ज्यांच्याकडे आई-वडील गेले, त्यांच्याचकडे. तक्रारी मनाच्या नसतातच. छातीत धडधड, अंगात आग, डोकं जड, मुंग्या, गॅस, रात्रभर डोळा लागत नाही. कुणी 'मी उदास आहे' म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसत नाही. एमबीबीएसच्या जुन्या अभ्यासक्रमात मानसोपचाराच्या वॉर्डात दोनच आठवडे जायचे, आणि त्या विषयाची स्वतंत्र परीक्षाही नसायची. बाहेर चाळीस रुग्ण बसलेले असताना अशा डॉक्टरांनी काय करावं? झोपेची गोळी लिहितात. आताशा एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी फार चालते. पहिलं औषध नैराश्यावरचं. त्याचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. दुसरं त्याच रात्री झोप आणतं, आणि काही आठवड्यांत त्याची सवय लागते. रुग्णाला वाटतं एकच गोळी आहे, गुणकारी आहे. मग तीच स्ट्रिप मेडिकलवर दाखवून 'हीच द्या' सुरू होतं आणि वर्षं जातात. एखाद्या दिवशी कुणी नातेवाईक रागावून गोळ्या फेकून देतो. असं एकाएकी थांबवलं की झोप पूर्ण उडते, जीव घाबरा होतो, क्वचित फिट येते. ही गोळी उतरवायची असते ती आठवड्या-आठवड्याने, थोडी-थोडी, कुणाच्या तरी देखरेखीखाली. रोज दिसणारे डॉक्टर घरचे. उतरवण्याचं वेळापत्रक ठाऊक असलेले डॉक्टर नाशिकचे. दोघांनी मिळून केलं तरच ते साधतं.

याच कुटुंबातल्या गोळीचा दुसरा प्रवास मनमाडपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या मालेगावला ठाऊक आहे. 'कुत्ता गोळी' हा शब्द पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांतून साऱ्या जिल्ह्याला माहीत झाला. ती मुळात अल्प्राझोलाम: घबराटीच्या आजारावर काही दिवसांसाठी द्यायचं साधं, स्वस्त औषध. २०१४च्या मार्चपासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 'एच-वन' परिशिष्टात आहेत. विक्रेत्याने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. नियम चांगला आहे. पण त्या वहीचा उपयोग फक्त छाप्याच्या दिवशी होतो. एकाच नावावर तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या येताहेत, हे सर्वांत आधी दिसतं ते मेडिकलच्या काउंटरवर उभ्या माणसाला. त्याने एक फोन करावा अशी रीत आपण घातलेली नाही. डॉक्टर आणि तज्ज्ञ यांच्या सहकार्यात औषधविक्रेत्यालाही जागा हवी, आणि ती सन्मानाची हवी.

क्षयरोगाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर सायक्लोसेरिन वापरलं जातं. त्याने काही रुग्णांना भास होतात, संशय येतो, खोल नैराश्य येतं. गावाला वाटतं, आजारपणाने वेड लागलं. त्याच आजारावरचं लिनेझोलिड नैराश्याच्या फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांबरोबर घेतलं तर सेरोटोनिन वाढून ताप, थरथर, घाम, गोंधळ अशी गंभीर अवस्था येऊ शकते. आणि नेहमीच्या क्षयावरचं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं, की अनेक मानसोपचाराची औषधं रक्तात टिकतच नाहीत. व्यवस्थित असलेला रुग्ण महिन्याभरात पुन्हा बिघडतो आणि दोष त्याच्या 'गोळ्या न घेण्या'वर येतो. क्षयाचा कार्यक्रम एका खोलीत, मानसिक आरोग्याचा दुसऱ्या खोलीत, आणि रुग्ण मधल्या व्हरांड्यात.

लग्न ठरलेल्या मुलीला फिटसाठी किंवा मनःस्थितीच्या चढ-उतारासाठी व्हॅल्प्रोएट चालू असणं हाही असाच विषय. गर्भावस्थेत ते घेतलं तर बाळात जन्मजात व्यंग येण्याचं प्रमाण दहांत एक एवढं आहे, बौद्धिक वाढीवरचा परिणाम त्याहून जास्त वेळा दिसतो. ही गोष्ट दिवस राहिल्यावर सोनोग्राफीच्या खोलीत कळून उपयोगाची नाही. मानसोपचारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि घरचे डॉक्टर यांच्यापैकी कुणीतरी ती लग्नाआधीच काढायला हवी. सासरी आजार लपवण्यासाठी गोळ्या गुपचूप बंद करणाऱ्या मुली आणि गुपचूप चालू ठेवणाऱ्या मुली, दोघीही या मौनाची किंमत मोजतात.

हे सगळं सुटण्यासारखं आहे का? आहे, आणि त्याचा पुरावा फार लांब नाही. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि संगाथ या संस्थेने 'मानस' नावाचा मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने निवडले. निम्म्या ठिकाणी नेहमीचे उपचार चालू ठेवले, निम्म्या ठिकाणी त्रिकूट उभं केलं: तिथलेच डॉक्टर, प्रशिक्षण दिलेला स्थानिक समुपदेशक आणि अधूनमधून येणारे मानसोपचारतज्ज्ञ. समुपदेशकाकडे डॉक्टरीची पदवी नव्हती, मानसशास्त्राचीही नव्हती. त्याचं काम आजार ओळखण्यासाठी ठरलेले प्रश्न विचारणं, आजार समजावणं, गरज असेल तर समुपदेशन करणं आणि रुग्ण पुन्हा आला नाही तर त्याला गाठणं. गोळी डॉक्टर देत. अवघड रुग्ण तज्ज्ञ पाहत. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या पद्धतीने ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीच्या पद्धतीने ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. हा दुसरा निकाल लपवण्यासारखा नाही, उलट विचार करायला लावणारा आहे. खासगी दवाखान्यात डॉक्टर रुग्णाला घराण्यासकट ओळखतात, तोच डॉक्टर पुन्हा भेटतो, त्यामुळे समुपदेशकाने जे जोडायचं ते तिथे बऱ्याच अंशी आधीच जोडलेलं असावं. मनमाडसारख्या गावात घरच्या डॉक्टरांशी असलेलं हे नातं म्हणजे तयार भांडवल आहे.

विदर्भातही एक खूण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. गावातली आरोग्य कार्यकर्ती, समुपदेशक आणि तज्ज्ञ अशी उतरंड होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांसाठी पुढे येणारे शंभरात चार होते. दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. २०१७ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी गांजलेल्या भागात हे घडलं, हे ध्यानात घ्यायला हवं. त्याआधी, २००२ साली, अमेरिकेतल्या अठरा दवाखान्यांत साठीपुढच्या १,८०१ नैराश्यग्रस्तांवर याच तत्त्वाचा प्रयोग झाला होता. घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच एक परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ रुग्णाचा पाठपुरावा करी, मानसोपचारतज्ज्ञ दर आठवड्याला तिच्याशी यादीवरच्या रुग्णांबद्दल बोलत, आणि औषधातला बदल घरच्या डॉक्टरांना सुचवला जाई. वर्षभरात ४५ टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्याने कमी झाली; नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १९ टक्के होतं. बहुतेक रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. ज्या देशात तज्ज्ञ पाऊण आहेत, तिथे त्यांचा वेळ असा वापरण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या देशाला ही कल्पना नवी नाही. १९७५च्या सुमारास बंगळुरूजवळच्या सकलवारा आणि हरियाणातल्या रायपूर राणी इथे साध्या आरोग्य केंद्रांतून मानसोपचार देऊन पाहिले गेले. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आला, बेळ्ळारी जिल्ह्यात तो उतरवून दाखवला गेला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कागदावर आज तो आपल्या जिल्ह्यातही आहे. निम्हान्सने कर्नाटकात त्यापुढचं पाऊल टाकलं: आरोग्य केंद्रातले डॉक्टर आपला रुग्ण तपासत असतानाच बंगळुरूचे तज्ज्ञ व्हिडिओवरून त्यांच्यासोबत बसतात. प्रशिक्षण वर्गात नाही, रुग्णासमोर होतं. ज्या नाशकात १९९८ पासून साऱ्या राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्या जिल्ह्याने हे अजून का करू नये?

कायद्याची अडचण असेल म्हणावं, तर कायदा उलट पाठीशी उभा आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या कलम ३१ प्रमाणे सरकारी दवाखान्यातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला मूलभूत आणि तातडीच्या मानसोपचाराचं प्रशिक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर फुकट आणि कायम मिळायला हवीत, असं कलम १८ सांगतं. गोपनीयतेच्या कलम २३ ने रुग्णाची माहिती जपायला सांगितलं आहे, पण उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना उपचारापुरती माहिती देण्याची मुभाही त्याच कलमात आहे. २०२०च्या मार्चमध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत तर एका डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला दूरवरून घेण्याची तरतूद स्पष्ट आहे. रुग्णाची जबाबदारी सल्ला घेणाऱ्या डॉक्टरांकडेच राहते. म्हणजे मनमाडच्या डॉक्टरांनी नाशिकला फोन लावून 'तुमच्या रुग्णाला मी वेदनाशामक देऊ का?' असं विचारणं रीतीला धरून आहे. रुग्णांसाठी 'टेलि मानस'चा १४४१६ हा चोवीस तासांचा क्रमांक २०२२पासून आहे. डॉक्टरांनी डॉक्टरांना लावायचा क्रमांक मात्र ज्याच्या-त्याच्या ओळखीवर सोडलेला आहे.

डॉक्टरांच्याही बाजू आहेत, आणि त्या पोकळ नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांना वाटतं, अर्धवट माहितीवर औषध बदललं जाईल, डोस कमी पडेल, मग आजार हट्टी होईल. घरच्या डॉक्टरांना वाटतं, काही बरंवाईट झालं तर कोर्टात मला ओढतील. शिवाय फोनवर घालवलेल्या दहा मिनिटांचे पैसे कुणी देत नाही. दोघांच्याही मनात, उघड न बोलली जाणारी, रुग्ण हातचा जाण्याची धास्ती असते. यातली पैशांची गोष्ट सर्वांत आधी सोडवायला हवी. दोन डॉक्टरांमधला सल्ला हे काम आहे. त्याला सरकारी योजनेत दर हवा, खासगीत उघड फी हवी. गोव्याच्या प्रयोगात समुपदेशकाला पगार होता आणि तज्ज्ञांच्या फेरीचा खर्च धरलेला होता. चांगुलपणावर चालवलेली व्यवस्था पहिल्या बदलीबरोबर बंद पडते.

मनमाडच्या उपजिल्हा रुग्णालयात जिल्ह्याचे मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी यावेत, आणि ओपीडी संपल्यावर तासभर गावातल्या डॉक्टरांसाठी बसावेत. त्या तासात भाषण नको. प्रत्येकाने आपला एक अडलेला रुग्ण, नाव झाकून, समोर ठेवावा: याची झोपेची गोळी कशी उतरवू, हिची साखर ओलान्झापिनने वाढली आहे का, याच्या थायरॉईडचा आणि लिथियमचा काही संबंध आहे का. नांदगाव, येवला, चांदवडच्या डॉक्टरांनाही गाडी-एसटीने येण्याजोगं हे ठिकाण आहे. बाहेरगावी जाणाऱ्या रुग्णासाठी जंक्शन सोयीचं, तसं डॉक्टरांसाठीही.

आणि चिठ्ठी हवी. आज तज्ज्ञांकडून परतताना रुग्णाच्या हाती येते ती फक्त औषध आणायची यादी, तीही बहुधा कंपनीच्या नावांनी. हवी आहे ती घरच्या डॉक्टरांना लिहिलेली, रुग्णालाही वाचता येईल अशी मराठीतली पानभर चिठ्ठी. आजार काय, औषधाचं मूळ नाव आणि डोस काय, ते किती दिवस द्यायचं, कोणती रक्ततपासणी कधी करायची, या औषधासोबत काय द्यायचं नाही, कोणतं लक्षण दिसलं तर लगेच पाठवायचं. लिथियमच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत दोन ओळी: उन्हाळ्यात पाणी आणि मीठ तोडू नका, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, इतर वेदनाशामक विचारल्याशिवाय नको. यातली पाण्याची ओळ पुण्यातही महत्त्वाची आहे. ज्या गावाने वाघदर्डी धरण आटल्यावर पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट पाहिली आहे, तिथे ती जीव वाचवणारी आहे.

घरातलं माणूस या व्यवहारातला साक्षीदार नसतो, भागीदार असतो. मूळचे धुळ्याचे जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने त्यांना या कामात आणलं. १९९७ साली त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि २००४ च्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागे त्यांचं बळ होतं. अशा घरांतून एक वही असते. कोणत्या तारखेला कोणती गोळी वाढली, कधी झोप गेली, कधी हसू परत आलं, याची. ती वही दोन्ही डॉक्टरांनी उघडून पाहायला हवी. दोघांपैकी कुणाच्याही संगणकात तेवढं नसतं.

रेल्वेच्या जुन्या एकेरी मार्गावर एक पद्धत होती. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्याखेरीज आणि त्याची खूण असलेलं टोकन ड्रायव्हरच्या हातात पडल्याखेरीज गाडी हलत नसे. वेताच्या कडीत अडकवलेलं ते टोकन धावत्या इंजिनातून झेलताना पाहिलेली माणसं मनमाडात अजून आहेत. पुढच्या स्टेशनाचा मास्तर कोण, हे ठाऊक नसताना त्यांनी गाडी सोडली नसती.

सुरुवात नाशिकच्या दवाखान्यातल्या केसपेपरपासून होऊ शकते. त्यावर नाव असतं, वय असतं, पत्ता असतो, सोबत आलेल्या नातेवाइकाचा मोबाईल असतो. रुग्णाची संमती विचारून तिथे आणखी एक रकाना भरायचा: घरचे डॉक्टर कोण, त्यांचा क्रमांक काय. आणि पहिली चिठ्ठी त्या क्रमांकावर, रुग्ण नाशिकरोडच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहत असतानाच, पाठवायची.